घरी झुलती खुर्ची बनवताना: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या कोकणातल्या घरी ओटीवर झोपाळा होता. आई मुंबईत राहायला आली तेव्हा तिला सगळ्यात जास्त आठवण यायची ती त्याची. इथे सोसायटीच्या स्लॅबला कड्या ठोकायची परवानगी नाही, आणि असती तरी खोलीत झोपाळा हलायला जागा नाही. म्हणून मी तिच्यासाठी सागवानाची झुलती खुर्ची बनवली, सात बाय चार फुटांच्या बाल्कनीत. तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे विचारत असतात. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

बाल्कनीत खरंच होतं का हे काम?

होतं. खुर्चीचा एकही भाग चार फुटांपेक्षा लांब नसतो, ही मोठी सोय आहे. भिंतीला टेकवून एक जड, न हलणारं बाकडं हवं. माझं दोन फूट बाय चार फुटांचं आहे, जुन्या दाराच्या फळीचं. त्याला एक बाक (लाकूड घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा) पक्का बसवला की निम्मं काम सोपं होतं. लाकूड सॉ मिलमध्येच चार-चार फुटांचं कापून आणा, नाहीतर आठ फुटी फळी लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडकते. अख्खी खुर्ची जोडून बघायची वेळ येईल तेव्हा मात्र हॉल लागेल, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

सुतारकाम येत नाही. पहिलीच वस्तू म्हणून खुर्ची करू का?

नको. आधी एक पाट करा, मग एक साधं स्टूल. स्टुलाचे चार पाय आणि आडव्या पट्ट्या कुसू-खाच सांध्याने जोडा, म्हणजे एका लाकडात खाच आणि दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात घट्ट बसणारी जीभ. नाक्यावरचे कारागीर यालाच साल-चूल म्हणतात. असे आठ सांधे हाताखालून गेले आणि स्टूल डगमगलं नाही, की खुर्चीला हात घाला. स्टुलात सगळं काटकोनात असतं. खुर्चीत पाय कलते, पाठ कलती, बैठक पुढून रुंद आणि मागे अरुंद, त्यामुळे गुण्या लावून भागत नाही. बेव्हल गेज (हवा तो कोन धरून ठेवणारं हत्यार) लागतो आणि डोळा तयार व्हावा लागतो.

हत्यारं कोणती घेऊ?

दोन करवती (एक जाड, एक बारीक दातांची), एक रंधा, पाव, अर्धा आणि एक इंची पटाशी, लाकडी मोगरी, गुण्या, बेव्हल गेज, कानस, ड्रिल आणि जिगसॉ. वक्र भाग सफाईने तासायला स्पोकशेव्ह मिळाला तर उत्तम. क्लॅम्प (जोड आवळून धरणारे शिकंजे) मात्र भरपूर लागतील, त्यातले निम्मे शेजारच्या कारागिराकडून दोन दिवसांसाठी मागून आणले तरी चालतं. नागदेवी स्ट्रीटवर एक शनिवार काढा, जवळपास सगळं मिळेल. आणि धारेचा दगड विसरू नका. सागवानात सिलिका असते, ती पात्याची धार लवकर खाते. मी दर अर्ध्या-पाऊण तासाने पटाशी दगडावर घासतो.

लाकूड कोणतं?

सागवान, आणि तेही गाभ्याचं. मुंबईच्या दमट हवेत ते सगळ्यात कमी फुगतं-आकसतं आणि गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. फळीच्या कडेला जो फिका, पांढरट भाग दिसतो तो कच्चा; त्याला बोरर (लाकूड पोखरणारा किडा) लागतो, म्हणून तो भाग कापून टाका. शिसवी देखणी आणि मजबूत असते, पण जड आहे आणि हाताने कापायला फार कठीण. खुर्ची परदेशातल्या मुलाला पाठवायचा विचार असेल तर शिसवी आणि शिसम दोन्ही टाळा. 2017 पासून ती सगळी जातकुळी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे आणि कागदपत्रं लागतात. फणसाचं लाकूड मला मनापासून आवडतं, पिवळं आणि हाताला ऊबदार, काळानुसार तपकिरी होत जातं. कोकणात घर असेल आणि परसात पडलेल्या फणसाची नीट वाळलेली फळी मिळाली तर सोडू नका. आंबा स्वस्त आहे, पण प्रक्रिया न केलेल्या आंब्याला कीड हमखास लागते.

किती लाकूड लागेल, आणि कुठून आणू?

दोन घनफूट आणा. तयार खुर्चीत त्यातलं सव्वा घनफुटाच्या आसपासच जातं, पण वक्र भाग कापताना तुकडे फार निघतात. हिशोब दुकानदारावर सोडू नका, तो सोपा आहे: रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात, तिघांचा गुणाकार करून 144 ने भागा. सहा इंच रुंद, दीड इंच जाड, आठ फूट लांब फळी म्हणजे अर्धा घनफूट. अशा चार फळ्या झाल्या की तुमचं काम झालं.

रे रोड, दारूखाना, लकडी बंदर हा लाकडाचा जुना पट्टा. तिथे फळी पाणी मारून बघा, म्हणजे रेषा स्पष्ट दिसतात. पाय आणि रॉकरसाठी (खालच्या कमानदार पट्ट्यांना रॉकरच म्हणतात) सरळ रेषांचं लाकूड निवडा. गाठी आणि नक्षीदार रेषा शोभेला छान, पण त्या हातांवर किंवा पाठीच्या वरच्या पट्टीत वापरा, भार येतो तिथे नको.

पाडलेल्या चाळीतलं जुनं लाकूड घेऊ का?

मिळालं तर जरूर. गिरगाव-परळच्या जुन्या चाळींच्या तुळया आणि दारांच्या चौकटी बऱ्याचदा बर्मा सागवानाच्या असतात. कित्येक दशकं वाळलेलं लाकूड आहे ते, आता त्याला आणखी वाकायचं नसतं. माझ्या खुर्चीचे मागचे दोन पाय अशाच एका चौकटीतून निघाले. वरून ती काळी, रंगाचे पाच थर चढलेली होती. पहिला रंधा मारला आणि आतून मधासारखा रंग आणि सागवानाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास आला. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन विचारायला लागली की काय उघडलंस.

पण अशा लाकडात खिळे असतात. डोकं तुटलेला खिळा वरून दिसत नाही. लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून हळूहळू फिरवा, आणि लाकडावर काळपट डाग दिसेल तिथे थांबून शोधा, कारण लोखंडाभोवती लाकूड काळं पडतं. मी एक खिळा चुकवला आणि रंध्याचं नवं पातं कडेपासून तीन ठिकाणी तुटलं. शिवाय जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. तो घासून धूळ करू नका. खरवडून काढा, मास्क लावून, मुलं घरात नसताना.

काम कधी सुरू करावं?

दसऱ्यानंतर. होळीपर्यंत मुंबईची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. लाकूड मात्र त्याआधीच आणून ठेवा आणि मध्ये बारीक पट्ट्या घालून एकावर एक रचा, म्हणजे चारही बाजूंनी हवा लागेल. माझ्याकडच्या एकाच फळीने ओलाव्याच्या मीटरवर जानेवारीत 11 टक्के दाखवले आणि जुलैत 16. फळी लांबीत बदलत नाही, रुंदीत बदलते. म्हणून बैठक अखंड लाकडाची असेल तर ती चौकटीला सगळीकडून गच्च चिकटवू नका. पुढून पक्की करा, मागे रुंद खाचेत स्क्रू ठेवा. पावसाळ्यात तिला फुगायला जागा हवी.

इंटरनेटवर परदेशी नकाशे मिळतात. तीच मापं घेऊ का?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. ते नकाशे बहुधा सहा फुटी माणसासाठी असतात. आईची उंची चार फूट अकरा इंच. सतरा-अठरा इंच उंच बैठकीवर तिचे पाय लोंबकळले असते, आणि पाय जमिनीला टेकत नसतील तर खुर्ची झुलवायची कशी?

माप माणसाचं घ्या. त्याला पाटावर किंवा स्टुलावर ताठ बसवा, घरात चप्पल घालत असेल तर चप्पल घालून. गुडघ्याच्या मागच्या खळीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. बैठकीची पुढची कड त्यापेक्षा अर्धा-एक इंच खाली हवी. मग पाठीपासून त्याच खळीपर्यंत मोजा आणि त्यातून दोन इंच वजा करा, ती बैठकीची खोली. बैठकीपासून कोपरापर्यंत मोजा, ती हातांची उंची. बैठकीच्या वर सात ते नऊ इंचांवर कंबरेची खळगी येते, तिथे पाठीच्या पट्ट्यांनी किंचित पुढे यायला हवं. आईची खुर्ची पुढून 15 इंच उंच, बैठक 16 इंच खोल. त्या खुर्चीत मी बसलो तर गुडघे वर येतात, आणि ते योग्यच आहे. ती माझी नाही.

रॉकरची गोलाई किती ठेवू?

42 इंच त्रिज्येपासून सुरुवात करा. बसलेल्या माणसाचं वजन जमिनीपासून साधारण 24-25 इंचांवर एकवटलेलं असतं. कमानीचं केंद्र त्याच्या बरंच वर असेल तरच खुर्ची डोलून परत जागेवर येते. त्रिज्या लहान केली तर झोका लांब आणि संथ होतो, पण खुर्ची मागे-पुढे जास्त जाते आणि भीती वाटते. त्रिज्या फार मोठी केली तर झोका आखूड आणि धसमुसळा होतो. वयस्कर माणसासाठी 42 ते 45 चांगलं.

कमान काढायला सुतळी वापरू नका, ती ताणली जाते. एका सरळ पट्टीच्या टोकाला खिळा ठोका, 42 इंचांवर पेन्सिलीला भोक पाडा, आणि जमिनीवर पसरलेल्या प्लायवर वळवा.

रॉकर एका फळीतून कापावा की पट्ट्या चिकटवून करावा?

पट्ट्या चिकटवून. माझी ही ठाम समजूत एक खुर्ची मोडल्यावर झाली आहे.

42 इंच त्रिज्या आणि 40 इंच लांबी धरली तर कमानीची टोकं मध्यापासून पाच इंच वर जातात, म्हणजे सात इंच रुंद फळी लागते. ती मिळेलही. पण लाकडाच्या रेषा सरळ धावतात आणि कमान वळते, त्यामुळे टोकाला रेषा कमानीला जवळपास 28 अंशांनी छेदून बाहेर पडतात. तिथे लाकूड स्वतःच्याच रेषेवर फाटायला बसलेलं असतं. माझी पहिली जोडी अशीच कापलेली होती. खुर्ची उचलून ठेवताना मागचं टोक उंबऱ्याला लागलं, जोरात नाही, आणि चार इंचांचा तुकडा सुपारी फुटावी तसा सुटा झाला. त्या वेळी खुर्चीत आई बसलेली नव्हती.

दुसरी जोडी मी दीड सूत जाडीच्या आठ पट्ट्यांची केली. आठ गुणिले दीड म्हणजे बारा सूत, बरोबर दीड इंच. पट्ट्या सॉ मिलमध्ये दोन सुतांच्या चिरून घेतल्या आणि घरी रंध्याने साफ केल्या. एवढी पातळ सागवानी पट्टी वाफ न देताही त्या गोलाईला सहज वाकते. प्लायचे थर जोडून साचा केला, त्यावर मेणकापड, मग चिकटवलेल्या पट्ट्या, आणि दर चार इंचांवर एक क्लॅम्प. इथे पांढरा फेविकॉल वापरू नका. सतत ताण असलेल्या जोडात तो हळूहळू सरकतो. सावकाश सुकणारा इपॉक्सी घ्या, अराल्डाइट चालतं. साचा एक रात्र नाही, पूर्ण एक दिवस तसाच राहू द्या. दोन्ही रॉकर एकाच साच्यावर करा, नंतर दोन्ही एकत्र बांधून खालची कड एकदमच रंधून घ्या.

तोल कसा साधायचा?

बराच काळ मला वाटायचं की रॉकर पायांखाली पुढे-मागे सरकवला की तोल बदलतो. बदलत नाही. कमान वर्तुळाची असल्यामुळे ती स्वतःच्याच रेषेवर सरकवली तरी केंद्र तिथेच राहतं, फक्त पुढचं-मागचं टोक लांब-आखूड होतं. तोल बदलतो तो पायांच्या उंचीने, आणि तोही अपेक्षेपेक्षा जास्त. मागचे पाय दोन सूत कापले तर खुर्ची त्या मापाने जेवढी कलायला हवी त्याच्या दुपटीहून अधिक मागे जाते, कारण वजन मागे सरकतं आणि रॉकरही सोबत फिरतो.

म्हणून मागचे पाय आधी चार सूत लांबच ठेवा. सगळी खुर्ची डिंक न लावता जोडा, रॉकर क्लॅम्पने घट्ट धरा, आणि ज्याच्यासाठी बनवताय त्याला बसवा. आई एका रविवारी दुपारी बसली, हातात नेहमीची लसूण सोलायची ताटली घेऊन, कारण ती रिकाम्या हातांनी कधी बसत नाही. म्हणाली, "पुढे ढकलल्यासारखं वाटतंय रे." मी पुढच्या पायांखाली एक सुताचा प्लायचा तुकडा सरकवला. "अजून." दोन सूत. ती काही बोलली नाही, लसूण सोलत राहिली, आणि थोड्या वेळाने तिचा पाय आपोआप जमिनीला रेटा द्यायला लागला. पुढे दोन सूत उचललं म्हणजे मागून दोन सूत कापायचं. मी पायांवर तिथेच पेन्सिलीने खूण केली.

माणूस बसवल्याशिवाय मागचे पाय कापू नका. वाळूची पोती ठेवून अंदाज घेणारे आहेत, पण पोतं मागे रेलत नाही आणि लसूण सोलायला पुढे वाकत नाही.

खुर्ची मागे उलटेल का?

रॉकरचं मागचं टोक मागच्या पायाच्या मागे दहा-बारा इंच असेल तर नाही. शेवटचे दोन इंच सरळ ठेवले, वळवले नाहीत, तर तिथे खुर्ची आपसूक अडते.

स्क्रूने जोडली तर?

चालणार नाही. अर्धा तास झुललात आणि एका झोक्याला दोन सेकंद धरले तर नऊशे झोके झाले, आणि प्रत्येक झोक्यात सांध्यावरचा ताण उलटसुलट होतो. स्क्रू आपलं भोक मोठं करत जातो. कुसू पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश, सव्वा इंच खोल, आणि आरपार एक लाकडी खुंटी. सागवान तेलकट असल्यामुळे डिंक लावायच्या पाच मिनिटं आधी दोन्ही बाजू थिनरने पुसा. हे न केलेले सांधे दोन वर्षांत कुरकुरायला लागतात.

बैठक लाकडाची की वेताची?

मुंबईत वेताची, बिनदिक्कत. मे महिन्यात पाठ आणि मांड्या घामाने चिकटत नाहीत. वेत विणायच्या आधी पाण्यात भिजवावा लागतो आणि सुकताना तो ताणला जातो, म्हणून सुरुवातीला फार घट्ट ओढू नका. विणकाम स्वतः शिकायचं नसेल तर वेताचं काम करणाऱ्याकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

पॉलिश कोणतं?

जवसाचं तेल, तीन-चार हात, प्रत्येक हात पुसून काढत आणि मध्ये एकेक दिवस सोडून. चपड्याचं पॉलिश चमकतं, पण पावसाळ्यात लावलं तर पांढुरकं पडतं, आणि हातांचा घाम लागून कडा लवकर जातात. तेलाची खुर्ची पुन्हा तेल लावून घरीच नवी करता येते.

एक गोष्ट कृपया हलक्यात घेऊ नका. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप गरम होऊन पेट घेऊ शकतात. बंद फ्लॅटमध्ये हे जिवावर बेतेल. चिंधी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा, आणि मगच कचऱ्यात टाका.

धूळ आणि आवाजाचं काय?

लाकडाची बारीक धूळ कर्करोगाचं कारण ठरलेली आहे, तेव्हा पॉलिश पेपर मारताना एन-95 मास्क नेहमी. आवाजाबद्दल: निवासी भागात कायद्याने दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. त्यापेक्षा महत्त्वाचं, खालच्या मजल्यावर कुणाचं बाळ दुपारी झोपतं ते माहीत करून घ्या. मी मोगरीचं काम सकाळी अकरा ते एकमध्ये उरकायचो. रंधा आणि पॉलिश पेपर संध्याकाळी, त्याचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही.

झुलताना खुर्ची खोलीभर सरकते. का?

सरळ पुढे किंवा मागे सरकत असेल तर टाइल गुळगुळीत आहे, खाली सतरंजी टाका किंवा रॉकरच्या तळाला चामड्याची पट्टी चिकटवा. एका बाजूला वळत असेल तर दोन रॉकर समांतर नाहीत किंवा त्यांची कमान वेगळी आहे. चामड्याने ते झाकलं जाईल, सुटणार नाही. सतरंजीमुळे टाइलच्या फटीवरून जाताना होणारी टकटकही थांबते, आणि खालचे शेजारी दुवा देतात. घरात रांगतं बाळ असेल तर झुलण्याआधी मागे बघायची सवय लावा, रॉकरखाली बोटं सापडतात.

पाठदुखीवर उपयोग होतो म्हणतात, खरं आहे?

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना पाठीच्या त्रासासाठी त्यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी झुलती खुर्ची सुचवली होती, आणि ती व्हाइट हाउसमध्येही होती. मी डॉक्टर नाही. आईचे गुडघे बरे झालेले नाहीत, पण एका जागी तासभर बसून आखडायचे ते आता कमी आखडतात.

सॅम मलूफ यांच्या खुर्चीसारखी करता येईल?

कॅलिफोर्नियातल्या या कारागिराच्या (1916-2009) झुलत्या खुर्च्या बघून मीही या कामात पडलो. 1985 मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्यांच्या खुर्चीत पाय कुठे संपतो आणि बैठक कुठे सुरू होते ते बोट फिरवूनही कळत नाही. तो सांधा करायला राउटर (लाकडात खाच पाडणारं यंत्र) आणि बँडसॉ (यांत्रिक करवत) लागतो आणि बैठक कोरायला जाड फळी. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खुर्चीसाठी ठेवा.

झाल्यावर देखभाल काय?

दर दिवाळीला, हवा कोरडी झाली की, तेलाचा एक हात. खुंट्या अंगठ्याने दाबून बघा. वेताला वर्षातून एकदा खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवा, म्हणजे सैल झालेली जाळी पुन्हा ताणते. रॉकरचा साचा फेकू नका. रॉकर झिजतात, दहा-पंधरा वर्षांनी बदलावे लागतील. आमचा साचा माळ्यावर आहे, त्याच्यावर 42 इंच आणि मागून दोन सूत असं खडूने लिहून ठेवलंय.